ग्रीनिच येथील पर्यटक : स्वभाव आणि संचार

लंडनच्या आग्नेय भागात, थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर वसलेल्या ग्रीनिच या परिसराचा अभ्यास खगोलशास्त्र, नौकानयन आणि वास्तुकला अशा तिन्ही अंगांनी पुष्कळ झालेला असून 1997 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थानही दिले आहे. परंतु तेथे बोटीने, आगगाडीने आणि बसने येऊन थडकणाऱ्या, टेकडी चढताना धापा टाकणाऱ्या आणि फरशीत बसवलेल्या धातूच्या एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून छायाचित्र काढून घेण्यासाठी रांगेत तिष्ठणाऱ्या पर्यटक नामक जीवाकडे विद्वानांचे अक्षम्य दुर्लक्ष झालेले आहे. ही उणीव अंशतः तरी भरून काढणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

अभ्यासाच्या सोयीसाठी येथे मराठी पर्यटकाचा नमुना घेतला आहे, कारण तो उन्हाळ्यात लंडनमध्ये मुबलक आढळतो आणि त्याचे संभाषण चार हातांवरूनही स्पष्ट ऐकू येते. मुलीकडे उन्हाळा काढायला आलेले निवृत्त दांपत्य, कामाच्या सबबीवर घरीच राहिलेली मुलगी आणि हक्काचा शनिवार कर्तव्यभावनेने अर्पण केलेला, पाठीवरच्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या वाहणारा जावई, अशी या नमुन्याची सर्वसाधारण रचना असते. त्यातील सासरे निघण्यापूर्वी आठवडाभर मोबाइलवर वाचन करून आलेले असल्याने फलकावरचा मजकूर फलक दिसण्याआधीच सांगू लागतात, तर सासूबाई एकही फलक न वाचता, फलकावर ज्याचे उत्तर नसते नेमका तोच प्रश्न विचारतात. सासऱ्यांच्या मनगटावरचे घड्याळ मात्र भारतीय वेळेवरच चालू असते. परत गेल्यावर पुन्हा लावत बसायचा ताप कशाला, असे त्यांचे म्हणणे असते आणि पुढे या म्हणण्याचे गंभीर परिणाम होतात.

ग्रीनिचला पोहोचण्यासाठी डॉकलँड्स लाइट रेल्वे नावाची, चालकाची खोलीच नसलेली गाडी आहे. खोली नसल्यामुळे अगदी पुढच्या काचेलगतचे आसन प्रवाशांना मोकळे असते आणि ते पटकावण्यासाठी लहान मुले व निवृत्त अभियंते यांच्यात अटीतटीची स्पर्धा चालते. या स्पर्धेत जिंकणाऱ्यावर नियती लगेच सूड उगवते. ग्रीनिचच्या ऐतिहासिक भागाला सर्वांत जवळ असलेल्या ‘कटी सार्क’ या भुयारी स्थानकाचा फलाट गाडीपेक्षा आखूड आहे. त्यामुळे गाडीच्या अगदी पुढची व अगदी मागची दारे तेथे उघडतच नाहीत. तशी सूचना गाडीत वेळेवर दिली जाते, परंतु सूचनेच्या वेळी सासरे गाडी चालवण्याच्या आनंदात आणि सासूबाई पुऱ्यांचा डबा आवळण्यात मग्न असतात. बंद दारासमोर क्षणभर हताश उभे राहून हे कुटुंब पुढच्या स्थानकावर उतरते आणि गाडीने एका मिनिटात कापलेले अंतर पायी उलटे चालत येते. “पुढं बसायची हौस कुणाला होती?” असे सासूबाई विचारतात. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही फलकावर नसते.

पहिले प्रेक्षणीय स्थळ म्हणजे नदीकाठी कोरड्या गोदीत, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या जहाजाच्या घरात, 1954 सालापासून विसावलेले ‘कटी सार्क’ हे जहाज होय. ते क्लिपर जातीचे आहे. क्लिपर म्हणजे निमुळत्या बांध्याचे, उदंड शिडांचे आणि मालापेक्षा वेगाला महत्त्व देणारे जहाज. चीनमधला नवा चहा लंडनला इतरांच्या आधी पोहोचवण्यासाठी ते 1869 साली स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे बांधण्यात आले. ते बांधताना बांधणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला होऊन वाफेच्या बोटींना चीनचा जवळचा रस्ता मिळाल्यामुळे, जगातील अतिवेगवान चहावाहू जहाजांपैकी एक असलेले हे जहाज जन्मतःच कालबाह्य ठरले. 1872 साली ‘थर्मोपिली’ या प्रतिस्पर्धी जहाजाशी झालेल्या शर्यतीत ते पुढे असताना त्याचे सुकाणूच तुटले आणि ते आठवडाभर उशिरा लंडनला पोहोचले. सासऱ्यांना हा इतिहास तोंडपाठ असतो आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी आपल्या खात्यात संगणक आले तेव्हा आपलेही नेमके हेच झाले होते, असे ते जावयाला सांगतात. जावई मान हलवतो. ही गोष्ट तो गाडीतही ऐकून आलेला असतो.

जहाजाला 2007 साली दुरुस्ती चालू असताना भीषण आग लागली. सुदैवाने त्याचा बराचसा भाग दुरुस्तीसाठी आधीच सुटा करून अन्यत्र नेलेला असल्यामुळे तो वाचला. सात समुद्रांची वादळे पचवलेल्या या जहाजाला कशाने जाळले असावे, याचा तपास झाला तेव्हा शनिवार-रविवारी चालूच राहून गेलेल्या एका औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनरवर संशयाची सुई स्थिरावली. “म्हणून मी पोरीला सांगत असते, केरसुणीच बरी,” एवढाच सासूबाईंचा यावरचा अभिप्राय असतो आणि सागरी वारसा जतन करण्याच्या शास्त्रात त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. 2012 साली पुन्हा खुल्या झालेल्या या जहाजाला आता सुमारे तीन मीटर वर उचलून धरलेले असल्याने प्रेक्षकांना त्याच्या तळाखालून फिरता येते आणि तेथेच एक उपाहारगृहही आहे. पहिल्याच सफरीत सुमारे 13 लाख पौंड वजनाचा चहा आणणाऱ्या जहाजाखाली बसून एका कपाची किंमत वाचताना सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. “एवढं जहाज सांभाळायचं म्हणजे चहा महागच पडणार,” असे जावई समजुतीने म्हणतो. मग चहा एकच घेतला जातो व तिघांत वाटला जातो.

जहाजाच्या शेजारीच काचेच्या घुमटाखाली एका भुयाराचे तोंड आहे. नदीच्या तळाखालून पलीकडच्या तीरावर नेणारा, सुमारे 370 मीटर लांबीचा आणि पांढऱ्या चकचकीत फरश्यांनी मढवलेला हा पादचारी बोगदा, दक्षिण तीरावरच्या कामगारांना समोरच्या गोद्यांमध्ये वेळेवर पोहोचता यावे म्हणून 1902 साली खुला झाला. आता गोद्या बंद पडल्या असून कामगारांची जागा ज्यांना पलीकडे काहीही काम नाही अशा पर्यटकांनी घेतली आहे. बोगद्यात सायकलवरून उतरून चालावे, अशी स्पष्ट पाटी आहे. ती सायकलस्वारही वाचतात, मात्र सायकलवर बसूनच. सासूबाईंना मध्यावर येऊन डोक्यावर आख्खी थेम्स वाहत असल्याची जाणीव होते आणि त्या “अहो, गळत तर नाही ना?” असे विचारतात. सासरे यावर बोगद्याची बांधणी समजावून सांगू लागतात व त्यामुळे चालण्याचा वेग निम्म्यावर येतो. पलीकडे बाहेर पडल्यावर एक चमत्कारिक सत्य उघड होते. ग्रीनिचच्या राजेशाही इमारतींचे सर्वोत्तम दर्शन ग्रीनिचमधून होतच नाही. अठराव्या शतकात कॅनालेत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराने ते समोरच्या तीरावरूनच रंगवले होते. जे पाहायला आलो ते पाहण्यासाठी ते सोडून जावे लागले, हे कळल्यावर सगळे पुन्हा त्याच बोगद्यातून परततात आणि परतताना गळतीचा प्रश्न नव्याने उपस्थित होतो.

या इमारती जखमी व वृद्ध नाविकांच्या निवासासाठी 1694 साली स्थापन झालेल्या शाही रुग्णालयाच्या आहेत. रचनाकार ख्रिस्तोफर रेन यांना भव्य अशी एकसंध वास्तू उभारायची होती, पण त्यामुळे मागच्या ‘क्वीन्स हाउस’ या राणीच्या प्रासादातून नदीचा देखावा अडला असता. तो अडता कामा नये अशी राणी दुसऱ्या मेरीची इच्छा होती. परिणामी इमारत मधोमध दुभंगून दोन बाजूंना गेली. “मुख्य दरवाजा कुठला?” असे विचारणारा पर्यटक त्यामुळे मोकळ्या अंगणात गोल गोल फिरत राहतो. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या निवृत्त नाविकाला येथे शिक्षा म्हणून पिवळा कोट घालून वावरावे लागे, अशी माहिती जावई वाचून दाखवतो. त्या क्षणी सासऱ्यांच्या अंगात, पावसाच्या धास्तीने घरून आणलेला पिवळा रेनकोट असतो. पुढील काही मिनिटे या विषयावर कोणीही काही बोलत नाही.

याच संकुलात नाविकांचे भोजनगृह म्हणून बांधलेला ‘पेंटेड हॉल’ आहे. जेम्स थॉर्नहिल या चित्रकाराने त्याची छते व भिंती रंगवायला 1707 ते 1726 अशी एकोणीस वर्षे घेतली. काम संपले तेव्हा दालन इतके देखणे झाले होते की नाविकांनी तेथे जेवावे हे कोणालाच प्रशस्त वाटेना. म्हणून त्यांची पाने खालच्या तळघरात मांडली गेली आणि वरचे दालन पैसे घेऊन लोकांना दाखवण्याचा परिपाठ पडला. पाहुण्यांसाठीचा दिवाणखाना कुलूपबंद ठेवून स्वयंपाकघरात जेवणाऱ्या मराठी गृहस्थाला हे धोरण तत्काळ पटते. थॉर्नहिल यांना छतासाठी चौरस यार्डाला तीन पौंड आणि भिंतीसाठी एक पौंड असा दर मिळाला. भिंतीवरच्या चित्राच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःलाही रंगवले असून त्यांचा पसरलेला हात आणखी पैसे मागत आहे, अशी दंतकथा आहे. सकाळपासून सगळी तिकिटे काढणारा जावई त्या हाताकडे बराच वेळ आपुलकीने पाहत राहतो. छत मान न मोडता न्याहाळता यावे म्हणून दालनात आडवे होण्याची आसने ठेवलेली आहेत. सासरे देवदेवतांचे रूपक समजून घेण्यासाठी त्यावर पहुडतात आणि थोड्याच वेळात, 1806 साली नौसेनापती नेल्सनचे पार्थिव जेथे जनतेच्या दर्शनासाठी ठेवले होते त्याच दालनात, त्यांचे घोरणे घुमू लागते. “उठवू नका,” सासूबाई जावयाला सांगतात, “तिकिटाचे पैसे वसूल होताहेत.”

जवळच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनने घातलेला कोट ठेवलेला आहे. डाव्या खांद्यापाशी प्राणघातक गोळीचे भोक आहे. इतिहासाचा अभ्यासक त्या भोकातून युरोपच्या भवितव्याचा वेध घेतो. सासूबाई मात्र बटणे जशीच्या तशी आहेत हे पाहून दोनशे वर्षांपूर्वीच्या शिवणकामाला दाद देतात.

यानंतर टेकडी येते. माथ्यावरच्या वेधशाळेपर्यंतचा चढ नकाशात क्षुल्लक दिसतो, पण तो चढताना या विषयाचा कोणताही अभ्यासक, मग तो कितीही व्यासंगी असो, प्रत्येक वळणावर निसर्गसौंदर्याची सबब काढून थांबतो व थेम्सकडे वळून घाम पुसतो. दुसऱ्या चार्ल्सने 1675 साली ही वेधशाळा स्थापन केली, ती आकाशावरच्या प्रेमापोटी नव्हे, तर खलाशांना भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम दिशेने नेमके कोठे आहोत हे कळत नव्हते म्हणून. बांधकामासाठी 500 पौंड मंजूर झाले व खर्च 520 च्या आसपास गेला. तोही कुजलेली बंदुकीची दारू विकून उभारलेला, आणि विटा, लाकूड, शिसे हे साहित्य इतरत्र पाडलेल्या बांधकामांतून आणलेले. पाया जुनाच वापरल्याने इमारत उत्तर-दक्षिण दिशेला बरोबर जुळली नाही. त्यामुळे उंच खिडक्यांचे अष्टकोनी दालन राजाच्या पाहुण्यांना दाखवण्यापुरते उरले आणि पहिले राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड यांना खरे वेध बागेतल्या छपराखालून घ्यावे लागले. त्यांना वर्षाला 100 पौंड पगार होता, पण उपकरणे स्वतःची आणायची होती. त्यांच्या मृत्यूनंतर एडमंड हॅली पदावर रुजू झाले तेव्हा फ्लॅमस्टीड यांच्या पत्नीने सारी उपकरणे उचलून नेलेली होती. “बरोबरच केलं,” सासूबाई ठामपणे सांगतात. “त्यांच्या पैशाची होती.”

समुद्रावरचे रेखांश शोधण्याची युक्ती तत्त्वतः सोपी आहे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. म्हणून जहाजावर भर दुपार असताना ग्रीनिचला किती वाजले हे सांगणारे बिनचूक घड्याळ जवळ असले की पूर्व-पश्चिम अंतर काढता येते. समुद्रावर रेखांश काढण्याची कोणतीही उपयुक्त पद्धत शोधणाऱ्यासाठी 1714 सालच्या कायद्याने 20,000 पौंडांपर्यंतचे बक्षीस ठेवले होते. जॉन हॅरिसन या मुळातल्या सुताराने तसे घड्याळ बनवले आणि समुद्रावर सिद्ध करून दाखवले. त्यानंतर बक्षिसाचा निर्णय करणाऱ्या रेखांश मंडळाने त्यांच्याकडे पुन्हा चाचणी, आराखडे, नमुना आणि नमुन्याचा नमुना मागितला. अखेर राजाच्या मध्यस्थीने संसदेने त्यांना उरलेली रक्कम दिली तेव्हा हॅरिसन ऐंशी वर्षांचे होते. स्वतःच्या निवृत्तिवेतनाची फाइल आठवून सासऱ्यांचे डोळे येथे पाणावतात. अचूकतेच्या या मंदिरात 1796 साली डेव्हिड किनब्रुक या सहायकाची नोकरी गेली, कारण त्याची तारकांची निरीक्षणे राजज्योतिषी मॅस्केलिन यांच्यापेक्षा सुमारे पाऊण सेकंद मागे पडत. पुढे संशोधनातून असे निघाले की प्रत्येक माणसाच्या डोळ्याला व कानाला आपापला उशीर असतोच. त्याला ‘वैयक्तिक समीकरण’ असे भारदस्त नाव मिळाले. किनब्रुकला नोकरी परत मिळाली नाही.

वेधशाळेच्या माथ्यावर खांबावर चढलेला एक लाल गोळा आहे. थेम्समधल्या जहाजांना आपली घड्याळे लावून घेता यावीत म्हणून 1833 सालापासून हा कालगोल दररोज दुपारी एकच्या ठोक्याला खाली येतो. पाच मिनिटे आधी अर्ध्यावर आणि दोन मिनिटे आधी टोकाला पोहोचून तो तयारीत राहतो. बाराऐवजी एकची वेळ निवडली, कारण बाराला ज्योतिषी सूर्याचा वेध घेण्यात गुंतलेले असत. हा सोहळा टिपण्यासाठी सगळा समुदाय मोबाइल उंचावून उभा राहतो. सासरेही मोबाइल उंचावतात, “हे लाल बटण दाबायचं की पांढरं?” असे विचारतात आणि जावई उत्तर देण्यासाठी वळतो, तोच गोळा खाली आलेला असतो. मोबाइलमध्ये सासऱ्यांच्या अंगठ्याचे सुस्पष्ट चित्रण राहते. आता पुढचा प्रयोग उद्या.

याच क्षणी वेळेचा मोठा घोळ उद्भवतो. दरवाजाशेजारी 1852 सालापासून लावलेले शेफर्ड यांचे घड्याळ चोवीस तासांचे असून ते बाराही महिने ग्रीनिच प्रमाणवेळ दाखवते; उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळे मात्र एक तास पुढे ढकललेली असतात. म्हणून गोळा पडताना मोबाइलमध्ये एक आणि या घड्याळात बारा वाजलेले असतात. त्यातही तबकडीच्या माथ्यावर शून्य असल्याने बाराचा काटा सरळ खाली लोंबतो व पाहणाऱ्याला सहा वाजल्यासारखे दिसतात. भारतीय वेळेवरच्या मनगटी घड्याळात तेव्हा साडेपाच झालेले असतात. “बघा, माझंच जवळपास बरोबर आहे,” सासरे विजयाने म्हणतात, “त्यांचं अर्धा तास पुढं आहे.” साडेपाच झाले असतील तर चहा कुठे आहे, असे सासूबाई विचारतात. याच दरवाजाशी रूथ बेल्विल ही बाई दर आठवड्याला येऊन आपले खिशातले घड्याळ पडताळून घेई आणि मग ती अचूक वेळ लंडनच्या घड्याळजींना पैसे घेऊन देई. वडिलांनी 1836 साली सुरू केलेला हा व्यवसाय तिने 1940 पर्यंत चालवला. वेळ विकून पोट भरता येते, ही माहिती ऐकून दिवसभर स्वतःचा वेळ फुकट देत आलेला जावई गंभीर होतो.

शेवटी पट्टी येते. उत्तर व दक्षिण ध्रुवांना जोडणाऱ्या कल्पित रेषेला रेखावृत्त म्हणतात आणि ज्या रेखावृत्तापासून बाकीची मोजायची त्याला मूळ रेखावृत्त. भारतीय ज्योतिषात ती मध्यरेषा उज्जयिनीवरून जात असे, हे सांगण्याची संधी सासरे येथे सोडत नाहीत. 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत पंचवीस देशांपैकी बावीस देशांनी ग्रीनिचच्या बाजूने कौल दिला. सॅन डोमिंगोने विरोध केला. फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सचा रुसवा पुष्कळ टिकला. 1911 साली त्याने ग्रीनिचची वेळ स्वीकारली तेव्हाही कायद्यात ग्रीनिचचे नाव येऊ दिले नाही. तेथे ‘पॅरिसची वेळ, 9 मिनिटे 21 सेकंद मागे’ एवढेच नोंदवले. मुंबईकरांना यावर हसण्याचा अधिकार नाही, कारण देशाची प्रमाणवेळ 1906 साली ठरल्यावरही मुंबईत 39 मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ 1955 पर्यंत तग धरून होती.

या पट्टीवर उभे राहण्यासाठी वेधशाळेचे तिकीट आणि दीर्घ रांग असे दुहेरी मोल मोजावे लागते. पुढचे जोडपे नेमक्या रेषेवर चुंबन घेण्याचा सराव करत असते, सासूबाई आकाशाकडे पाहतात, सासरे पादत्राणांची टोके दोन गोलार्धांत काटेकोर मांडतात. “डावा पाय अजून जरा पश्चिमेला,” अशी सूचना जावई करतो. एवढा काटेकोरपणा पाळून झाल्यावर मोबाइलवरचा नकाशा दाखवतो की ते सगळे शून्य रेखांशावर नाहीतच. ही रेषा राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांच्या 1851 सालच्या दुर्बिणीवरून आखलेली आहे. ती दुर्बीण स्थानिक गुरुत्वाकर्षणाच्या ओळंब्याने लावलेली, तर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून हिशेब धरतात, म्हणून आजचे शून्य रेखावृत्त सुमारे 102 मीटर पूर्वेला उद्यानातून जाते. “मग आपण उगाच रांगेत उभे राहिलो?” असे सासूबाई विचारतात. सासरे काही बोलत नाहीत. छायाचित्र कौटुंबिक गटावर गेलेले असते आणि पुण्याहून अकरा अंगठे आलेले असतात.

ज्या वाचकांना खऱ्या शून्यावरच उभे राहायचे असेल, त्यांनी खुशाल ते 102 मीटर चालून जावे. तेथे तिकीट नाही, रांग नाही, पट्टी नाही आणि पट्टी नसल्यामुळे छायाचित्र काढण्याचे कारणही नाही. म्हणूनच तेथे कोणी जात नाही.